मोहनची बाटली घेऊन माजिवड्यापर्यंत

२०२३ साल. मला चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण झालेली. त्या वर्षी पितृपक्षात मी तीन दिवसांचा प्रवास केला. आमच्या गावातले लोक काशीला जाऊन आले, दुबईला जाऊन आले. एक जण सिंगापूर बघून आला, तो अजून तेच सांगत बसतो. मी डोंबिवलीच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून निघालो, कळव्याला गेलो, तिथून नौपाड्याला, मग माजिवड्याला, आणि परत आलो. माझी बायको हौसा म्हणाली, यात लिहायसारखं काय आहे? पण मी लिहिणार म्हटलं म्हणजे लिहिणार. शाळा माझी तिसरीपर्यंत. कुठे वेलांटी चुकली तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावी.

माझ्याबरोबर एक बाटली होती. स्पेन देशातली लाल वाईन, १९८२ सालची. त्याच साली आमचा मोहन जन्मला. एकुलता एक.

आम्ही मिठागरातली माणसं. माझा आजा, बाप, मी, सगळ्यांचे पाय मिठाने फुटलेले. मिठागर बंद पडलं तेव्हा मोहन बाविशीचा होता. मी म्हणालो, थांब, परत सुरू होईल. तो थांबला नाही. जहाजावर खलाशी म्हणून गेला, फिरत फिरत स्पेनमध्ये उतरला आणि तिथे एका वाईनच्या तळघरात कामाला लागला. मी फोनवर त्याला म्हणालो, "बापाचं काम सोडून परक्याची पिंपं लोटतोस. परत येऊ नकोस." त्यानंतर तो आईशीच बोलायचा. हौसा फोन माझ्यापुढे धरायची आणि मी उठून ओट्यावर जायचो.

२०१७ साली त्याच्याबरोबर जहाजावर असलेला दिवा गावचा सुरेश ही बाटली घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, मोहन बोललाय, आडवी ठेवा. सावलीत ठेवा. तो आल्यावर तुम्ही दोघं मिळून उघडायची. आणखी बोललाय, बाबांना सांग, मी इथंपन तेच काम करतंय."

मी सुरेशला म्हणालो, "आमच्या घरात मेलेल्याला आडवं ठेवतात. जित्याला उभं."

आणि मी बाटली उभी ठेवली. आमच्या मिठागराचं शेवटचं मीठ मी एका रांजणात भरून ठेवलेलं, त्यात गळ्याच्या वरपर्यंत पुरून ठेवली. मिठात ठेवलेलं नासत नाही, हे मला स्पेनवाल्यांनी शिकवायची गरज नव्हती.

दोन वर्षांनी मोहन तिकडेच गेला. कामावरून खोलीवर आला, झोपला, उठला नाही. सदतीस वर्षांचा. लग्न केलेलं नव्हतं. राख सुरेश घेऊन आला. ती आम्ही खाडीत सोडली.

आमच्यात पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या नावाने पान वाढतात. त्याला जे आवडायचं ते. दारू पिणारा असेल तर वाटीत दारू पण. बापाचं पान पोराने वाढायचं, आमच्याकडे उलटं झालं. दर वर्षी हौसा म्हणायची, "त्याच्या पानावर त्यानं धाडलेली वाईन ठेवा." मी दर वर्षी नाही म्हणायचो. ती उघडली की त्याचं येणं संपलं, असं मला वाटायचं. हे मी तिला सांगितलेलं नाही. इथेच लिहितोय.

या वर्षी ती म्हणाली, "चार वर्सां झाली. तो काय आता येनार हाय? तुमचाच हट्ट मोठा." मग मी बाटली रांजणातून काढली. तिच्या अंगावर तारेची जाळी होती, आपल्या मासे धरायच्या जाळ्यासारखी, पण सोनेरी. मिठाने गंजून ती तपकिरी झालेली. आमच्याकडे कोणाला ती उघडता येईना, आणि फोडायला माझा हात होईना. सुरेशने फोनवर नाव सांगितलं. ठाण्याला नौपाड्यात बापट म्हणून राहतात, मोठ्या हॉटेलात तीस वर्षं वाईन वाढायचं काम केलेले. ते उघडतील. चार दिवसांनी आमच्याकडे पान होतं. मी म्हणालो, तेवढ्यात येतो जाऊन.

पहिला दिवस : कळवा

कळव्याला धाकटी बहीण चंद्रा राहते, मुक्काम तिच्याकडे. ट्रेनने गेलो नाही. बाटली चेपली असती. शिळफाट्यापर्यंत एक रिक्षा केली, तिथून मुंब्र्यावरून दुसरी. बाटली हौसाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर उभी धरलेली. शिळफाट्याला कंटेनरच्या मध्ये अर्धा तास अडकलो. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"काका, बाल हाय काय? झोपलंय काय?"

"गारी बघून चालव," मी म्हणालो.

"नाय, एवरं जपताय म्हनून इचारलं."

पुढच्या खड्ड्यात मी दोन्ही हातांनी तिला उचलून धरली आणि माझं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. टेंगूळ आलं. बाटलीला काही झालं नाही.

चंद्राने चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केलेल्या. तिच्या हाताला आमच्या आईची चव आहे, तिखट जरा जास्त. पूर्वी कळव्यात तिच्या दारातून खाडी दिसायची. आता समोर इमारत, तिच्यामागे इमारत. चिंबोऱ्या बाजारातून आणाव्या लागतात. जेवताना मी बाटली पाटाच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली. चंद्राने एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दादा, मोहनला कवा असा मांडीवर घेतलेलास?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"तो लहान असताना तापला व्हता तवा पन वयनी एकटीच दवाखान्यात गेल्ती. तू मिठागरावं."

"काम व्हतं," मी म्हणालो.

"काम व्हतंच," ती म्हणाली आणि माझ्या पानात आणखी कालवण वाढलं. बहिणीचं बरं असतं, मारते आणि वाढते पण.

दुसरा दिवस : नौपाडा

सकाळी पुलावरून खाडी ओलांडली. पाण्याच्या कडेला तिवरांची झाडी माजलेली. मिठागर चालू असताना खाडीकाठी उन्हात मिठाचे ढीग चमकायचे, डोळे दिपायचे. रिक्षावाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, इथे मीठ बनायचं? मी म्हणालो, बनायचं.

नौपाड्यातल्या गल्ल्या मला आवडल्या. जुन्या, बेताच्या उंचीच्या इमारती, खाली डॉक्टरची पाटी, शिंप्याची पाटी. लोक अजून चालत बाजाराला जातात. बापट दुसऱ्या मजल्यावर राहतात. माझ्याच वयाचे, बारीक, पांढरा शर्ट इस्त्रीचा. बायको गेलेली. त्यांनी पोहे केलेले, त्यात साखर होती. आमच्यात पोह्यात कोणी साखर घालत नाही. मी खाल्ले.

"उत्तम झालेत," मी म्हणालो.

"खोटं बोलता तुम्ही," बापट म्हणाले, "पण नम्रपणे बोलता."

बाटली त्यांनी लगेच हातात घेतली नाही. आधी हात धुतले, पुसले, मग घेतली. खिडकीजवळ नेली. नावाची चिठ्ठी वाचली, साल वाचलं.

"चांगल्या तळघरातली आहे. ही जाळी कशाला असते ठाऊक आहे? जुन्या काळी लबाड लोक चांगल्या बाटलीत हलकी वाईन भरून विकायचे. म्हणून तारेत बांधायची पद्धत पडली. पण ही एवढी गंजली कशी?"

"खाडीची हवा," मी म्हणालो.

"आणि ठेवली कशी होती? आडवी ना?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो माहीत नाही. माहीत आहे, पण लिहायला लाज वाटते. त्या माणसाने माझ्या पोराच्या बाटलीसाठी हात धुतले होते. त्याच्यासमोर मला सुरेशचा तो निरोप आणि माझं उत्तर आठवलं.

"छान. मग आज हिला उभी ठेवा," बापट म्हणाले. "वर्षानुवर्षं आडवी आणि उघडायच्या आदल्या दिवशी उभी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. उद्या सकाळी माजिवड्याला या. माझ्या मुलीचं घर आहे, ती कामावर असते. तिच्याकडे माझं वाईनचं थंड कपाट आहे, पेले आहेत, सगळं आहे. तिथे उघडू."

त्या दिवशी मी परत कळव्याला गेलो. दुपारी, संध्याकाळी, ती भिंतीपाशी उभी आणि मी तिच्यासमोर बसलेलो. चंद्रा म्हणाली, "तिला काय इचारतंस?" मी म्हणालो, गाळ बसतोय.

तिसरा दिवस : माजिवडा

माजिवड्याला रस्त्यावर रस्ते आहेत. खाली गाड्या, वर पुलावर गाड्या, आणि त्या पुलाच्याही वर इमारती. बापटांच्या मुलीचं घर एकविसाव्या मजल्यावर. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवीत काय आहे विचारलं. "पोराची वस्तू आहे," मी म्हणालो. त्याने वहीत तसंच लिहिलं. लिफ्टमध्ये कानात दडे बसले.

वर खिडकीतून खाडी दिसत होती. इतक्या उंचावरून मी खाडी कधी बघितली नव्हती. वाकडी, मातकट, शांत. जन्मभर तिच्यात गुडघाभर उभा राहिलो आणि ती दिसते कशी ते त्या दिवशी कळलं.

बापटांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं. दोन पेले, एक काचेचं भांडं, आणि एक पेटलेली मेणबत्ती. सकाळचे दहा वाजलेले, लख्ख ऊन. मी विचारलं, "मेणबत्ती कशाला? देवाला?"

"नाही हो. ओतताना बाटलीच्या मानेमागे ज्योत धरायची. वाईन स्वच्छ येते तोवर ओतायची. गाळाची पहिली रेघ दिसली की थांबायचं. तळघरातसुद्धा असंच करतात. ही वाईन लाकडी पिंपात कित्येक वर्षं ठेवतात. दर काही महिन्यांनी एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढतात. गाळ मागे राहतो, निवळलेली पुढे जाते. एक माणूस ज्योत धरून बसतो आणि डोळ्यांनी, जिभेने ठरवतो, आता पुढे सोडायची की अजून थांबायचं. यंत्र नाही. तुमचा मुलगा तळघरात हेच करत असणार."

मी खुर्चीवर बसलो.

मिठागरात काय करतात ते सांगतो. भरतीचं पाणी पहिल्या वाफ्यात घ्यायचं. उन्हात ठेवायचं. गाळ खाली बसला की वरचं पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. तिथून पुढच्या. प्रत्येक वाफ्यात पाणी घट्ट होत जातं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. कधी सोडायचं ते घड्याळ सांगत नाही. बोट बुडवून जिभेला लावायचं. मोहन दहा वर्षांचा असताना माझ्या पाठोपाठ बांधावरून चालायचा, बोट बुडवायचा आणि म्हणायचा, "बाबा, आजून दोन दिस." आणि दोनच दिवस लागायचे. माझ्यापेक्षा त्याची जीभ चांगली होती.

*बाबांना सांग, मी इथंपन तेच काम करतंय.*

सहा वर्षांपूर्वी माझ्याच ओट्यावर सुरेशने मला हे सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण ते माझ्यापर्यंत पोचायला माजिवड्याचा एकविसावा मजला लागला.

बापटांनी जाळी कापली. बुचावरचं आवरण काढलं, खाली पांढरे खडे चिकटलेले. त्यांनी एक खडा नखाने काढला, बोटावर घेतला, जिभेला लावला. माझ्याकडे बघितलं. दोन पात्यांच्या चिमट्याने बूच काढायला गेले तर बुचाचा भुगा झाला. अर्धा बाहेर, अर्धा आत.

"ही आडवी नव्हती," ते हळू म्हणाले. "वाईन बुचाला लागत राहिली की बूच ओलं राहतं. हे सुकून गेलंय."

मी म्हणालो, "उभी होती. मिठात. पोरानं सांगितलेलं, आडवी ठेवा. मी ऐकलं नाही."

मला वाटलं ते काही बोलतील. खरं तर बोलायलाच हवे होते. त्यांनी मलमलीचं फडकं आणलं, त्यातून वाईन काचेच्या भांड्यात गाळली, ज्योत तशीच मानेमागे धरली. जणू बाटली चांगलीच आहे. पेल्यात घोटभर ओतली. रंग उकळून ठेवलेल्या चहासारखा. त्यांनी वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

"गेली," ते म्हणाले. "माफ करा. पिऊ नका, त्रास होईल."

मी पेला भरून घेतला. पहिला घोट आंबट, शिरक्यासारखा. आणि मागून खारट. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? सहा पावसाळे ते पाणी सुकलेल्या बुचातून आत झिरपत राहिलं. आमच्या मिठागराचं शेवटचं मीठ. मीठ टिकवतं म्हणून मी त्याच्या स्वाधीन केली आणि त्यानेच ती खाल्ली.

"अहो, ठेवा तो पेला," बापट म्हणाले.

"ही माझ्या पोरानं माझ्यासाठी धाडलीय," मी म्हणालो. "मीच पिणार."

पेला मी संपवला. दुसरा भरला, तोही संपवला. मोहन गेल्यापासून मी ताडीचासुद्धा थेंब घेतलेला नव्हता. घसा जळत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते आंबटामुळे की कशामुळे ते मी बापटांना सांगायला बांधलेला नाही. तिसऱ्याला त्यांनी ते भांडं माझ्या हातातून काढून घेतलं. हात हलका होता त्यांचा, पण सोडलं नाही.

मग ते उठून आत गेले. परत आले तेव्हा वेताच्या टोपलीत दुसरी बाटली होती, आडवी.

"त्याच प्रांतातली. त्याच सालची," ते म्हणाले. "नोकरी सोडली तेव्हा साहेबांनी दिली होती. माझी बायको आणि मी उघडणार होतो. मग ती गेली."

"मला उपकार नको," मी म्हणालो.

"उपकार कसले? एकट्याने उघडायची वस्तू नाही ही. माझी मुलगी सरबत पिते. तुम्ही नाही म्हणालात तर आणखी दहा वर्षं पडून राहील, आणि तेवढी मी राहतोय असं मला वाटत नाही."

मी पेला पुढे केला.

रंग विटेसारखा, कडेला नारिंगी झाक. पहिल्यांदा काहीच लागलं नाही, मला वाटलं पाणीच. मग जिभेवर एक एक उघडत गेलं. सुकवलेली आमसुलं. जुन्या शिसवी पेटीत ठेवलेल्या कपड्यांचा वास. थोडी तंबाखू. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावरून वारा येतो तेव्हा जे नाकाला लागतं तेही कुठेतरी. गिळल्यावरसुद्धा ती जात नव्हती, घशाशी ऊन लागल्यासारखी थांबली होती. बापटांनी विचारलं, कशी आहे? मी म्हणालो, "घाई नाही हिला."

ते म्हणाले, "एवढं चांगलं मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नाही."

आम्ही दोघं खिडकीशी बसून खाडीकडे बघत प्यालो. ते त्यांच्या बायकोबद्दल बोलले. ती कुणाकडे जाताना फुलं घेऊन जायची नाही, लोणचं न्यायची. मी मोहनबद्दल बोललो. बोट बुडवून जिभेला लावायचा, ते सांगितलं. पूर्वी हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. ती वाईन एकेचाळीस वर्षांची होती, मोहनपेक्षा चार वर्षं जास्त जगलेली.

निघताना बापटांनी खोकल्याच्या औषधाची एक धुतलेली बाटली त्यांच्या वाईनने भरून दिली. "पानासाठी," ते म्हणाले. मी मोहनची रिकामी बाटली मागून घेतली. जाळीचे तुकडे त्यांनी कागदात बांधून दिले.

परत

चंद्राकडे न थांबता दिवेलागणीला घरी पोचलो. हौसा ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. तिने पिशवीकडे बघितलं.

"कशी व्हती?"

रिक्षातून येताना मी ठरवलेलं, चांगली होती म्हणून सांगायचं. छोट्या बाटलीतली दाखवली असती की तिला कळलंही नसतं.

"खराब झाली," मी म्हणालो. "तो आडवी ठेवा बोललेला. मी ठेवली नाही. माझ्यामुळं झाली."

छप्पन्न वर्षांच्या संसारात माझ्यामुळं झालं असं मी पहिल्यांदा म्हणालो. हौसाने सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जेवलाव काय?" मी म्हणालो, नाही. ती उठली आणि भाकरी टाकायला गेली. पीठ मळताना तिची पाठ माझ्याकडे होती, आणि ती बराच वेळ मळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. हौसाने मोहनच्या फोटोपुढे केळीचं पान मांडलं. पानात पहिलं मीठ वाढतात, ते मी त्याच रांजणातलं वाढलं. तिने भाकरी, चिंबोरी आणि भात ठेवला. मी वाटीत बापटांची वाईन ओतली, हळूहळू, ती स्वच्छ येत होती तोवर. मग त्याची रिकामी बाटली आणली आणि पानाशेजारी आडवी ठेवली.